खेळाडू गेला की संघ जातो का?

कबड्डीच्या गप्पांना आमच्या कोलाड भागात दोन हंगाम असतात. भातकापणी उरकली, शेतं मोकळी झाली की गावोगावच्या स्पर्धा सुरू होतात, तो पहिला. प्रो कबड्डीचा लिलाव झाला की दुसरा सुरू होतो. कोण कुठल्या संघात गेला, कुणाला किती मिळाले, यंदा मुंबईचं काय आणि पुण्याचं काय, यावर आंबेवाडी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर जी चर्चा झडते ती ऐकण्यासारखी असते. मी कवितेचा माणूस, पण या चर्चेत ओढला जातो. आपल्या गावातून कधीतरी असाच एखादा मुलगा पुढे जाईल, ही आशा त्या बोलण्यामागे असते. म्हणून ही चर्चा जरा नीट समजून घेऊ या.

आधी पैशाचं पाहू. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा सर्वांत महागडा खेळाडू होता राकेश कुमार. पाटण्याने त्याच्यासाठी १२ लाख ८० हजार रुपये मोजले होते आणि तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली होती. २०१८ मध्ये इराणच्या फझल अत्राचलीला यू मुंबाने १ कोटी दिले आणि कोटीची वेस ओलांडली गेली. २०१९ मध्ये आपल्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख दिले. आदल्या हंगामात तोच खेळाडू यू मुंबाकडे ३६ लाख ४० हजारांत होता. एका हंगामात भाव चौपट! २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सनेच २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लावली.

लिलावाची रीत अशी. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा ठरवून दिलेली असते. २०२३ मध्ये ती ५ कोटी होती आणि तेवढ्यात किमान १८, जास्तीत जास्त २५ खेळाडू बसवायचे होते. काही खेळाडू संघ आपल्याकडेच ठेवू शकतो, बाकीचे लिलावात येतात. बोली संपल्यावर जुन्या संघाला वाटलं, तर शेवटच्या बोलीइतकीच रक्कम देऊन तो आपला खेळाडू परत घेऊ शकतो. मात्र ही मुभा मोजक्याच वेळा असते. म्हणजे एकावर जास्त खर्च केला की बाकीच्यांसाठी उरलेल्या पैशांतच भागवावं लागतं. बाजारात एकच पापलेट घेऊन घरी गेल्यावर सतरा माणसांना काय वाढायचं, असा हा प्रश्न.

टपरीवरचा मुख्य वाद इथेच असतो. एक बाजू म्हणते, मोठा चढाईबहाद्दर घेतला की चषक आलाच. दुसरी म्हणते, नाही. निकाल काय सांगतात ते पाहा. प्रदीप नरवाल असताना पाटण्याने सलग ३ विजेतेपदं मिळवली. २०२१ च्या लिलावात तो १ कोटी ६५ लाखांना यूपी योद्धाकडे गेला. पाटणा संपलं, असं लोक म्हणू लागले. पण त्याच हंगामात पाटणा गुणतक्त्यात पहिलं आलं आणि अंतिम सामना दिल्लीकडून फक्त एका गुणाने, ३६-३७ असा हरलं. ते पकडीच्या जोरावर तिथवर गेलं होतं. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई तिथेच नावारूपाला आला.

पवन सेहरावतची गोष्ट त्याहून बोलकी आहे. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो हंगामभर बाहेर बसला. तरीही थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर निम्म्याहून जास्त थैली रिकामी केली. तो पूर्ण ताकदीने खेळला, पण संघाला २२ सामन्यांत २ विजय मिळाले आणि टायटन्स तळाला राहिले.

असं का होतं? कारण कबड्डीच्या नियमातच आहे. क्रिकेटमध्ये एकजण दिवसभर फलंदाजी करू शकतो. इथे चढाईला गेलेला गडी पकडला गेला की तो बाहेर. त्याच्या संघाने समोरचा गडी बाद केला तरच एक बाद गडी आत येतो आणि तोही बाद झालेल्या क्रमाने. म्हणजे तुमचा दोन कोटींचा चढाईबहाद्दर बाहेर बसला असेल, तर त्याला आत आणण्याचं काम बहुतेक वेळा कोपऱ्यात उभा असलेला नऊ-दहा लाखांचा पकडवीर करतो. डावा कोपरा आणि उजवा कोपरा यांनी एकाच क्षणी पुढे यायला हवं. एकाने घाई केली आणि दुसरा मागे राहिला, की समोरचा एका चढाईत दोन गुण घेऊन जातो. हा मेळ लिलावात विकत मिळत नाही. तो सरावात जमतो आणि त्याला वेळ लागतो.

कुणी म्हणेल, मग पुण्याचं काय? पुणेरी पलटणने २०२३ मध्ये शादलुईला २ कोटी ३५ लाख दिले आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. बरोबर आहे. पण तो संघ आदल्या हंगामातच अंतिम फेरीत खेळला होता. कर्णधार अस्लम इनामदारसारखे तरुण खेळाडू तिथे एकत्र वाढले होते. शादलुई आला तो भरलेल्या घरात. पुढच्या हंगामात तो हरियाणाकडे गेला, तेव्हा हरियाणाही नुकतीच अंतिम फेरी खेळलेली होती. तिथेही चषक आला. २०२५ मध्ये गुजरातने त्याला २ कोटी २३ लाखांना घेतलं, पण तो हंगाम दिल्लीने जिंकला. मोठा खेळाडू तयार घरावर कळस चढवतो. पाया घालायचं काम एकट्याने होत नाही.

आता नाक्यावरच्या चर्चेचा दुसरा भाग, जो टीव्हीवर दिसत नाही. आमच्याकडेही खेळाडू इकडून तिकडे जातातच. गावच्या मंडळातला चांगला मुलगा तालुक्याच्या संघात जातो, तिथून मुंबईच्या एखाद्या मंडळात, आणि नशीब असेल तर बँक, रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या कंपनीच्या संघात. कित्येक वर्षं कबड्डीपटूची खरी कमाई हीच होती: खेळावर मिळालेली नोकरी. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, ते याच मुलांना उपयोगी पडतं.

या वाटेवर अडथळा असतो तो ना-हरकत दाखल्याचा. खेळाडू ज्या मंडळाकडे नोंदलेला, त्याच्या संमतीशिवाय तो दुसरीकडे जाऊ शकत नाही, अशी रीत आहे. नियम चांगला आहे. नाहीतर ऐन स्पर्धेत पळवापळवी होईल. पण आमच्याच भागातल्या एका मुलाला त्याच्या मंडळाने वर्षभर दाखला दिला नाही. ‘आम्ही घडवला, आता जातो कुठे?’ असा त्यांचा सवाल. मुलाचं ते एक वर्ष गेलं. विशी-बाविशीतल्या खेळाडूचं एक वर्ष म्हणजे शेतकऱ्याचा एक पावसाळा. तो परत येत नाही.

मुलींचं तर आणखी वेगळं. चांगली खेळणारी मुलगी बहुतेक वेळा लग्न करूनच संघ बदलते. सासरच्या जिल्ह्यात तिला कुणी मैदानात उतरू दिलं तर पुढे खेळते, नाहीतर शाळेच्या कपाटात तिचा चषक तेवढा उरतो. २०१६ मध्ये प्रो कबड्डीबरोबर महिलांच्या तीन संघांची स्पर्धा झाली होती. पुढच्या हंगामांत ती झाली नाही.

आणि आकडा लक्षात ठेवायला हवा. प्रो कबड्डीत १२ संघ, प्रत्येकी २५ धरले तरी साऱ्या देशातून, परदेशी धरून, ३०० खेळाडू. आमच्या मोहल्ल्यात, वाडीत, आळीत दहावीनंतर पुस्तक मिटून मैदानावर जाणाऱ्या मुलांना हा आकडा कुणीतरी सांगायला हवा. गुडघ्याचा एक अस्थिबंध तुटला की शस्त्रक्रिया, सहा-आठ महिने विश्रांती आणि बापाच्या डोक्यावर कर्ज. सेहरावतच्या गुडघ्यामागे संघ उभा होता. आमच्या पोराच्या गुडघ्यामागे कोण?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. नाक्यावर वाद जरूर घाला. शादलुई पुढे कुठे खेळणार, मुंबई कधी उठणार, यावर रात्र जागवा. पण त्याच बैठकीत आपल्या मंडळाबद्दल तीन गोष्टी विचारा. मुलांचा विमा उतरवला आहे का? बारावी आणि पदवी पुरी होईल, असं सरावाचं वेळापत्रक आहे का? आणि ज्याला पुढे जायचं आहे त्याला दाखला वेळेवर मिळतो का? स्पर्धेच्या बक्षिसांवर, मांडवावर आणि भोंग्यावर जेवढा खर्च होतो, त्याच्या थोड्या भागात पहिलं काम होतं. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला तर पैसेही लागत नाहीत.

पाटण्याने नरवाल गेल्यावर काय केलं ते आपण पाहिलं. ज्या मंडळात दरवर्षी दहा नवी मुलं मैदानात उतरतात, त्याला एकाच्या जाण्याची भीती वाटत नाही. ते मंडळ मुलाच्या हातात दाखला देतं, पाठीवर थाप देतं आणि पुढच्या मुलाला कोपऱ्यात उभं करतं.