विजेवरील गाडी घरी येण्यापूर्वी : शेतवस्तीवरील चार्जिंगची पूर्वतयारी

विजेवर चालणारी चारचाकी गाडी आता शहरापुरती राहिलेली नाही. बागायती पट्ट्यातील अनेक शेतकरी कुटुंबे अशी गाडी घेण्याचा विचार करीत आहेत आणि त्यात गैर काही नाही. शेत, बाजार समिती, तालुक्याचे गाव, मुलांचे कॉलेज असा रोजचा ४०-५० किलोमीटरचा ठरलेला फेरा, आणि गाडी उभी करायला स्वतःची जागा. शहरात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला चार्जिंगसाठी सोसायटीची परवानगी मागावी लागते, तशी अडचण आपल्याला नाही. अडचण आहे ती वेगळीच. आपल्या घरातील वायरिंग चार दिवे, दोन पंखे, टीव्ही आणि फार तर मिक्सर एवढ्यासाठी केलेले असते. गाडी बुक केल्यापासून ती हाती येईपर्यंत सहसा काही आठवडे मिळतात. हा काळ वायरिंग व अर्थिंगच्या कामासाठी वापरावा. गाडी दारात उभी राहिल्यावर घाईने केलेले काम बहुधा कच्चे राहते.

आपल्याकडे 'मोटार' म्हटले की विहिरीवरचा पंप डोळ्यांसमोर येतो, म्हणून या लेखात चारचाकीला गाडी आणि पंपाला मोटार असेच म्हटले आहे.

भार किती आणि किती वेळ?

बहुतेक गाड्यांबरोबर तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावण्याची चार्जिंग केबल मिळते. ती साधारण ३ किलोवॉट भार घेते, म्हणजे सुमारे ४ अश्वशक्तीच्या मोटारीएवढा. मात्र ४ अश्वशक्तीची मोटार थ्री फेजवर चालते, तिचा प्रवाह तीन तारांत विभागला जातो व प्रत्येक तारेत साधारण ६ ते ७ ॲम्पिअरच असतो. गाडी सिंगल फेजवर तोच भार एकाच तारेतून ओढते, तेथे १३ ॲम्पिअर जातात. गिझर दोन किलोवॉटचा असला तरी पंधरा मिनिटांत बंद होतो. गाडी रात्रभर चालू राहते. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. शिवाय सहा-सात तास प्रवाह सलग चालू राहिला तर ढिला स्क्रू, जुने सॉकेट किंवा पिळा देऊन जोडलेली तार यापैकी जे कमजोर असेल ते तापून वितळते.

एक हिशेब पाहू. बॅटरी ३० युनिटची आहे आणि ती २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत भरायची आहे. बॅटरीत १८ युनिट जायला हवेत. चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वीज वाया जाते, म्हणून मीटरवर सुमारे २० युनिट पडतील आणि सुमारे ७ तास लागतील. डीपीपासून लांब असलेल्या वस्तीवर रात्री व्होल्टेज १९० पर्यंत उतरत असेल तर याच कामाला आठ तासांहून अधिक वेळ लागेल.

छोटी गाडी एका युनिटमध्ये साधारण ६ ते ७ किलोमीटर जाते. महिन्याला १,००० किलोमीटर चालवणाऱ्याच्या मीटरवर १७० ते १८० युनिटची भर पडते. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढे वरचा टप्पा लागतो आणि ३०० च्या पुढे त्याच्याही वरचा. घराचा सध्याचा वापर ९० युनिट असेल तर गाडीची जवळजवळ सर्व वीज दुसऱ्या टप्प्याच्या दराने मोजली जाईल. विक्रेत्याने सांगितलेला 'किलोमीटरला अमुक पैसे' हा आकडा मान्य करण्यापूर्वी आपले मागील बिल काढून या टप्प्याच्या दराने हिशेब करून पाहावा. तरीही डिझेलपेक्षा खर्च बराच कमी येतो, यात शंका नाही.

कोणत्या मीटरवर लावावी?

घरगुती मीटरवरच लावावी. आपली गाडी आपल्या घरच्या कनेक्शनवर चार्ज करण्यास केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी मोकळीक दिलेली आहे, त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. शेतीपंपाच्या कनेक्शनवर मात्र गाडी लावू नये. 'विहिरीवर वीज आहेच, बिलही येत नाही, मग तिथेच लावू' हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे, पण ते कनेक्शन केवळ सिंचनासाठी मंजूर असते. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे मंजूर कामाव्यतिरिक्त वापर हा अनधिकृत वापर ठरतो व त्याची आकारणी दुप्पट दराने होते. वापर केव्हापासून सुरू आहे हे ठरवता आले नाही तर मागील बारा महिन्यांची आकारणी होऊ शकते. तारेवर आकडा टाकणे ही तर सरळ वीजचोरी आहे.

दुसरे असे की शेतीच्या फीडरवर पुरेशा दाबाची वीज ठरावीक तासच मिळते. मळ्यातील वस्तीलाही अनेक ठिकाणी त्याच फीडरवरून वीज येते. अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी गाडी बुक करण्यापूर्वी आठ-दहा दिवस एक वही ठेवावी. रात्री दहा, मध्यरात्र आणि पहाटे पाच अशा तीन वेळी वीज आहे किंवा नाही आणि व्होल्टेज किती, हे लिहून काढावे. सलग सहा तास वीज मिळत नसेल किंवा व्होल्टेज वारंवार १८० च्या खाली जात असेल तर गाडी घेण्याचा निर्णय पुन्हा तपासणे शहाणपणाचे. घरातील दिवे-पंख्यांच्या इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होत नाही, त्याची ताकदच तेवढी नसते.

बिलावर 'मंजूर भार' हा रकाना असतो. जुन्या घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॉटच असतो. तो वाढवून घेण्यासाठी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात अथवा त्यांच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. पोलवरून येणारी सर्व्हिस वायर बारीक किंवा मध्ये जोड दिलेली असेल तर ती याच वेळी बदलावी. भिंतीवर बसवण्याचा ७ किलोवॉटचा चार्जर हवा असेल तर भार आणखी वाढतो व बहुधा थ्री फेज कनेक्शन घ्यावे लागते. रोजचा फेरा ६०-७० किलोमीटरच्या आत असणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. रात्रीत साध्या केबलने काम भागते.

लाइन, केबल आणि सॉकेट

मीटरजवळच्या बोर्डापासून गाडीच्या जागेपर्यंत स्वतंत्र लाइन ओढावी. घरातील दुसरे काहीही त्यावर जोडू नये. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची तार, २० ॲम्पिअरचा एमसीबी आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी एवढे असावे. किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालून काम भागवू नये. लाइन लांब असेल तर तार आणखी जाड घ्यावी. मीटरपासून शेड ६० मीटरवर असेल आणि अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली, तर १३ ॲम्पिअरला सुमारे १२ व्होल्ट वाटेतच गळतात आणि तेवढी, म्हणजे दीडशे वॉट, उष्णता तारेत साठत राहते. तिथेच ६ चौरस मिलिमीटरची तार घातल्यास गळती ५ व्होल्टवर येते.

अंगणातून केबल उघडी नेऊ नये. बैलगाडी, ट्रॅक्टर, उसाची ट्रॉली त्यावरून जाणारच. चिलखती केबल दोन-अडीच फूट खोल पाइपातून न्यावी आणि वरून विटांचा थर द्यावा. सॉकेट आयएसआय चिन्हाचे, १६ ॲम्पिअरचे आणि नवे असावे. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये, एका रात्रीपुरताही नाही. चार्जिंगमुळे सॉकेट जळाल्याच्या तक्रारींत बहुतेक वेळा एक्स्टेन्शन बोर्ड किंवा सैल पिना हेच कारण आढळते.

अर्थिंग : येथे तडजोड नको

विहिरीवरच्या मोटारीला अर्थिंग नसले तरी ती पाणी देते, म्हणून अर्थिंगकडे दुर्लक्ष करण्याची आपल्याला सवय झाली आहे. गाडीचे तसे नाही. चार्जिंग केबलवरील डबीत तपासणीची व्यवस्था असते. अर्थिंग मिळाले नाही तर तांबडा दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही.

अशा वेळी काही वायरमन एक 'युक्ती' करतात. सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. डबीला अर्थिंग मिळाल्यासारखे वाटते, हिरवा दिवा लागतो आणि गाडी चार्ज होते. हे काम जिवावर बेतणारे आहे. गावाकडे पोलवरील न्यूट्रलचा जंपर वाऱ्या-पावसात तुटतो, हे आपण पाहतोच. तो तुटला की न्यूट्रलच्या तारेत दाब येतो आणि त्या तुकड्यावाटे थेट गाडीच्या पत्र्यावर उतरतो. चाके रबरी असल्याने गाडी तशीच भारलेली उभी राहते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून दार उघडणाऱ्याच्या हातून तो प्रवाह जमिनीत जातो. आपल्या घरी असे काम झालेले असल्यास आजच काढून टाकावे.

खरे अर्थिंग करण्यास खर्च फार येत नाही. साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा, खालच्या भागात छिद्रे असलेला जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप खड्ड्यात उभा पुरावा. भोवती कोळसा व मीठ यांचे आलटून पालटून थर द्यावेत. वरच्या टोकाला फनेल बसवून विटांचा हौद बांधावा. अर्थची तार पाइपाला नटबोल्टने घट्ट आवळावी, नुसती गुंडाळू नये. काळ्या जमिनीत पावसाळ्यात अर्थिंग उत्तम असते, पण एप्रिल-मेमध्ये भेगा पडल्या की माती पाइपापासून सुटते आणि तोच खड्डा निकामी होतो. त्यामुळे उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावे. मुरमाड किंवा खडकाळ जागी एक खड्डा पुरत नाही. दोन खड्डे दोन पाइपांच्या लांबीइतक्या अंतरावर घेऊन जोडावेत.

काम झाल्यावर परवानाधारक तारतंत्र्याकडून मोजमाप करून घ्यावे. अर्थचा रोध ५ ओहमपेक्षा कमी असावा. न्यूट्रल व अर्थ यांमधील व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत असणे चांगले. ते पंधरा-वीस दाखवत असेल तर दोष शोधल्याशिवाय गाडी लावू नये. वायरमनला पैसे देण्यापूर्वी हे आकडे कागदावर लिहून घ्यावेत.

जागा कोणती निवडावी?

गोठा आणि कडब्याची गंज यांपासून दूर असलेली जागा घ्यावी. गोठ्यातील ओल आणि मूत्रातून सुटणारा अमोनिया यांमुळे तांब्याचे जोड हिरवे पडतात. त्याहून मोठे कारण जनावरांचे आहे. गाय-म्हैस ओल्या जमिनीवर चार पायांवर उभी असते, पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असते, त्यामुळे माणसाला जेमतेम जाणवणारी गळतीही तिच्या शरीरातून जाते. अर्थिंगचा खड्डाही गोठ्याजवळ घेऊ नये. खताची पोती आणि सॉकेट एका खोलीत ठेवू नयेत. वर पत्रा असावा, सॉकेट जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर झाकणाच्या पेटीत असावे.

उंदरांचाही विचार करावा. धान्याच्या कोठीशेजारी गाडी उभी राहिली तर उंदीर बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. या गाडीच्या वायरींची दुरुस्ती महाग असते आणि ती गावच्या गॅरेजमध्ये करू नये. नारिंगी रंगाच्या केबलमध्ये तीनशे व्होल्ट व त्याहून अधिक दाब असतो.

गाडी ताब्यात घेताना

काही कंपन्या चार्जर बसवण्याचे काम गाडीबरोबरच करून देतात व आधी जागा पाहण्यास माणूस पाठवतात. तसे असेल तर किती मीटर केबल मोफत आहे व अर्थिंग त्यात धरले आहे का, हे बुकिंगच्या वेळीच लेखी घ्यावे. ताबा घेताना चार्जिंग केबल डिकीत आहे याची खात्री करून तेथेच एकदा गाडी लावून दाखवण्यास सांगावे. चासी क्रमांक व निर्मितीचा महिना कागदपत्रांशी ताडून पाहावा. खासगी गाडीला हिरवी पाटी व पांढरी अक्षरे असतात. शोरूम ८०-१०० किलोमीटर लांब असल्यास बॅटरी भरलेली मागावी, पहिल्याच दिवशी वाटेत चार्जर शोधण्याची वेळ येऊ नये.

रोज शंभर टक्के भरावी की ऐंशी, हे बॅटरीच्या प्रकारावर अवलंबून असते, त्याबाबत गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच चालावे. मे महिन्यात दुपारी लांबून आल्यावर तासभर सावलीत थांबून मग गाडी लावावी. रस्त्यावरील जलद चार्जर प्रवासापुरता वापरावा.

घरावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार असेल तर पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. एक किलोवॉटपासून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात, म्हणजे दीड किलोवॉटमध्ये वर सांगितलेल्या गाडीची वीज निघते. मात्र बॅटरीशिवायची ही यंत्रणा महावितरणची वीज गेली की उन्हातही बंद पडते, हे लक्षात ठेवावे.

पहिल्या महिन्यात चार्जिंग सुरू होऊन दोन तास झाल्यावर सॉकेटच्या झाकणाला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहावा. कोमट लागल्यास हरकत नाही, हात ठेववत नसेल तर एमसीबी बंद करून वायरमनला बोलवावे. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे, आणि मृग निघण्यापूर्वी सर्व स्क्रू वीज बंद करून पुन्हा आवळून घ्यावेत.