घरगुती कार्यशाळेतील मिलिंग कटरची धार : भूमिती आणि व्यवहार

प्रस्तावना

लेथवरील हत्याराला एकच धार असते. ती बोथट झाली, तर कारागीर ग्राइंडरवर हाताने ती पुन्हा लावू शकतो. मिलिंग कटर हे मात्र अनेक दातांचे फिरते हत्यार आहे. त्याचा प्रत्येक दात तीक्ष्ण असणे पुरेसे नाही; सर्व दातांच्या धारा एकाच वर्तुळावर असाव्या लागतात. एखादा दात 0.05 मि.मी.ने जरी पुढे राहिला, तरी बरेचसे काम त्या एकाच दातावर पडते, कापलेला पृष्ठभाग खडबडीत येतो आणि तो दात लवकर झिजतो. कारखान्यात यासाठी 'टूल अँड कटर ग्राइंडर' हे स्वतंत्र यंत्र असते. घरगुती कार्यशाळेत ते सहसा नसते. परिणामी बोथट कटर एक तर तसाच रेटला जातो किंवा टाकून दिला जातो. या कामातील खरी अडचण यंत्राच्या अभावाची आहे की तत्त्वाच्या आकलनाची, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कटरचे दोन वर्ग

धार लावण्यापूर्वी दाताचा कोणता पृष्ठभाग घासावयाचा, हे ठरविणे आवश्यक असते. त्या दृष्टीने कटरचे दोन वर्ग पडतात. साधे दंडगोलाकार कटर आणि एंड मिल यांच्या दाताची पाठ, म्हणजे धारेमागील अरुंद पट्टी, घासली जाते. गिअरचे दाते कापणाऱ्या आकारबद्ध कटरच्या बाबतीत मात्र पाठीला हात लावावयाचा नसतो. केवळ दाताचा दर्शनी पृष्ठभाग घासावयाचा असतो. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील 'ब्राऊन अँड शार्प' या संस्थेचे जोसेफ ब्राऊन यांनी 1864 मध्ये अशा कटरचे पेटंट घेतले. त्यात दाताची पाठ अशा वक्राने उतरती केलेली असते की, दर्शनी बाजू कितीही वेळा घासली तरी दाताचा आकार कायम राहतो. मात्र, दर्शनी पृष्ठभाग मूळच्याच कोनात घासला जाणे ही त्याची अट आहे. रेक कोन शून्य असलेल्या कटरमध्ये हा पृष्ठभाग कटरच्या केंद्रातून जाणाऱ्या रेषेवर असतो. चाक या रेषेपासून ढळले, तर कटर तीक्ष्ण होईल, परंतु त्याने कापलेल्या गिअरच्या दात्याचा आकार चुकेल. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती अधिक हानिकारक ठरते.

क्लिअरन्स कोनाची मांडणी

धारेमागील पट्टी जॉबला घासू नये म्हणून तिला जो उतार दिला जातो, त्यास क्लिअरन्स कोन म्हणतात. तो कमी पडल्यास कटर कापण्याऐवजी घासतो व तापतो. अधिक झाल्यास धार दुबळी होऊन तुटते. हा कोन अंदाजाने साधता येत नाही, परंतु साध्या त्रिकोणमितीने निश्चित करता येतो. वाटीच्या आकाराचे चाक वापरताना दाताला खालून आधार देणारी पट्टी, म्हणजे टूथ रेस्ट, कटरच्या केंद्राखाली ठेवली जाते. हे अंतर कटरची त्रिज्या गुणिले क्लिअरन्स कोनाची ज्या (साइन) इतके असते. 50 मि.मी. व्यासाच्या कटरला 6 अंशांचा कोन हवा असल्यास ते 25 × 0.1045, म्हणजे सुमारे 2.6 मि.मी. येते.

येथे एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावी लागते. टूथ रेस्ट ज्या दाताला धार लावावयाची, त्याच दाताला लावावी. शेजारच्या दाताचा आधार घेतल्यास दातांमधील अंतरांची मूळची चूक धारेत उतरते. चाकाच्या फिरण्याची दिशाही विचारात घ्यावी लागते. चाक दाताच्या पाठीकडून धारेकडे फिरत असेल, तर दात टूथ रेस्टवर दाबलेला राहतो; धारेवर थोडी बर येते, पण काम सुरक्षित होते. उलट दिशेत धार स्वच्छ येते, परंतु कटर टूथ रेस्टवरून ओढला जाण्याचा धोका असतो. नवशिक्याने पहिलीच दिशा स्वीकारावी.

घरगुती कार्यशाळेतील शक्यता

एंड मिलची झीज प्रामुख्याने टोकाच्या कोपऱ्यांवर होते. हे टोकाचे दात घरी लावता येतात. चौकोनी कोलेट ब्लॉकने दोन व चार दातांचे, तर षटकोनी ब्लॉकने दोन, तीन व सहा दातांचे विभाजन आपोआप साधते. टोकाचे दात केंद्राकडे एक-दोन अंशांनी खोलगट ठेवावे लागतात, म्हणजे कापण्याचे काम बाहेरील कोपरा करतो. बाजूच्या धारा मळसूत्राप्रमाणे वळलेल्या असल्याने त्या लावण्यासाठी कटर सरकत असतानाच फिरावा लागतो. शिवाय त्यामुळे व्यास घटतो. ते काम योग्य साधनाशिवाय करू नये.

हाय-स्पीड स्टीलसाठी पांढरे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे चाक योग्य ठरते. एका वेळी 0.02 मि.मी.च्या आसपासच काप घ्यावा. धारेवर निळी छटा उमटली, तर धार अधिक तापली असे समजावे. घासताना चाकही झिजत असल्याने पहिल्या व शेवटच्या दातात फरक पडतो. म्हणून मांडणी न बदलता अखेरची एक फेरी पूर्ण करावी. कार्बाइडसाठी हिऱ्याचे चाक लागते व त्याची धूळ श्वासावाटे जाणे अपायकारक असते. संरक्षक चष्मा वापरणे आणि लेथचा बेड झाकून ठेवणे अनिवार्य आहे.

या संदर्भात इंग्लंडमधील एक उदाहरण उद्बोधक आहे. लफबरो येथील विद्यापीठातील प्राध्यापक डी. एच. चॅडॉक यांनी घरगुती कार्यशाळेत बनविता येईल असा कटर ग्राइंडर विकसित केला व 1970 च्या दशकात 'मॉडेल इंजिनिअर' या नियतकालिकातून त्याची रचना प्रसिद्ध केली. लेस्टरशायरमधील क्वॉर्न या गावावरून तो 'क्वॉर्न' म्हणून ओळखला जातो. हौशी यंत्रकारांनी तो स्वतःच्या लेथवर तयार केला. अध्यापकाचे ज्ञान कार्यशाळेच्या बाकापर्यंत पोहोचल्याचे हे उदाहरण आहे.

निष्कर्ष

कोणता पृष्ठभाग घासावयाचा, कोन कसा मोजावयाचा आणि दात कोणत्या आधारावर टेकवावयाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे निश्चित असतील, तर साध्या साधनांनीही बोथट कटर पुन्हा उपयोगात आणता येतो. ती नसतील, तर महागडे यंत्रही कटर बिघडवते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळेत कटरचा वापर शिकविला जातो. त्याची धार लावणेही प्रात्यक्षिकात आणल्यास फळ्यावरील त्रिकोणमिती विद्यार्थ्याच्या हाताला कळेल.