खांब कुणी उभे केलेच नव्हते

अकोले तालुक्यातल्या पाचनईहून हरिश्चंद्रगड चढलात, तर देवळापाशी बसकण मारू नका. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. आत कमरेइतकं बर्फगार पाणी, आणि त्या पाण्यातलं बेट म्हणजे भलंमोठं शिवलिंग. भोवती चार खांब होते. आज त्यातला एकच धड आहे, बाकीचे मोडलेत. मग छत खाली कसं आलं नाही?

कारण हे खांब कुणी उभे केलेच नव्हते! डोंगर पोखरताना पाथरवटांनी ते जागच्या जागी सोडले. वरचं छतही खांबांवर ठेवलेली शिळा नाही. तो अखंड डोंगरच आहे, आणि त्याचा भार बाजूच्या भिंतींतूनही खाली उतरतो.

आता कामाचा क्रम पाहा. घराचा पाया आधी, छप्पर शेवटी. इथे सगळं उलटं! छतापासून सुरुवात करायची आणि छिन्नीच्या घावाघावानं खाली यायचं. म्हणजे वरचा कातळ फोडतानाच ठरवायला हवं, की खाली खांब नेमका कुठे येणार. चुकीचा टवका उडाला तर तो परत चिकटवणार कसा? बेरीज नाहीच, नुसती वजाबाकी. त्या कारागिरांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत, याची मला फार हळहळ वाटते.

आणि कातळ तरी कसला! सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. प्रत्येक थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकले, म्हणून तो भाग अनारशासारखा जाळीदार. पोटातला दगड मात्र घट्ट. त्यातून पाणी सहसा झिरपत नाही. झिरपतं ते भेगांतून. कुठे खोदलं तर पाणी टिकेल, हे ओळखणारी नजर केवढी तयार असेल!

सह्याद्रीच्या गडांवर याच नजरेनं टाकी खोदली. निघालेला दगड बांधकामाला लागला, खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं. खाण आणि पाणीसाठा एकाच जागी! हरिश्चंद्रगडावरच्या देवळाच्या आवारातही कातळात कोरलेल्या खोल्या आणि पाण्याचं टाकं आहे.

पावसाळ्यात गुहेपुढे ओढ्याला लोंढा असतो, आत जाता येत नाही. दिवाळीनंतर जा. विजेरी घ्या, तिचा झोत भिंतीवर तिरका धरा आणि घाव कोणत्या दिशेनं पडलेत ते शोधा.