जुन्या इंजिनाचं हत्यार

शब्दांवर पोट नाही, पण जीव असलेला मी माणूस. त्यामुळे गॅरेजमध्ये बसलो तरी कान शब्दांकडेच असतात. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘हत्यार’ म्हणजे सुरा नाहीतर तलवार. गॅरेजमध्ये हत्यार म्हणजे पाना, पुलर, कानस. तिथे हत्यार मारण्यासाठी नसतं, बंद पडलेलं चालू करण्यासाठी असतं. आज बोलायचं आहे ते याच हत्याराबद्दल. त्यातही जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन खोलण्यासाठी लागणाऱ्या खास हत्यारांबद्दल.

आपल्या गावांमध्ये तीस-चाळीस वर्षांचे ट्रॅक्टर अजून नांगरताना दिसतात. हिंदुस्थान मशीन टूल्सने १९७१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या सहकार्याने २५ हॉर्सपॉवरचे ट्रॅक्टर बनवायला घेतले. हरियाणातल्या पिंजोरचा हा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. कारखान्याला कुलूप लागलं म्हणून शेतातलं इंजिन काही थांबत नाही. सुटे भाग शोधले तर मिळतात. अडतं ते हत्यारापाशी. प्रत्येक इंजिनासाठी काही खास पुलर आणि गेज असत. ते कंपनीच्या वर्कशॉपला मिळत, दुकानात सहसा येत नसत. वर्कशॉप उठलं की ते वजनावर भंगारात जातात.

हत्यार शोधण्याआधी माप कळलं पाहिजे. झेटरच्या घराण्यातले नट मिलिमीटरचे. मॅसी फर्ग्युसन ३५ हा ट्रॅक्टर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत तयार होई. त्याचं सगळं माप इंचात. आपल्याकडचा १०३५ त्याच घराण्यातला. जुने मिस्त्री अजूनही सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. त्याहून जुन्या ब्रिटिश यंत्रांवर आणखी तिसरंच माप भेटतं, ते व्हिटवर्थचं. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ मध्ये ते ठरवून दिलं. त्याच्या आट्यांचा कोन ५५ अंश. पुढे आलेल्या अमेरिकी-ब्रिटिश एकत्रित मापाचा आणि मिलिमीटरच्या मापाचा ६० अंश. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. चुकीचा नट दोन-तीन वेढे जातो आणि मग आटे खाऊन टाकतो.

व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडाही फसवा. तो नटाच्या डोक्याचा नसून बोल्टच्या दांड्याचा असतो. पाव इंची व्हिटवर्थ नटाला लागणारं तोंड सुमारे १३.३ मिलिमीटरचं. म्हणजे तेराचा पाना जात नाही आणि चौदाचा सैल बसतो. सैल पाना जोर लावून फिरवला की नटाचे कोपरे गोल होतात, आणि पुढचं काम छिन्नीवर जातं. त्यापेक्षा तेराचा साधा पाना घ्यावा, दोन्ही ओठ कानशीने केसभर घासावेत. ग्राइंडर वापरलाच तर पाना तापून निळा पडू देऊ नये. निळा पडला म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. लोहारांनी दिलेला हा शब्द मला फार आवडतो. पोलादालाही माणसासारखं पाणी असतं, आणि जास्त तापलं की ते उतरतं.

जुनी हत्यारं मिळतात ती पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार अशा ठिकाणी. जाताना आपला नट खिशात न्यावा आणि पाना त्यावर लावून पाहावा. तोंड फाकलेला किंवा वेल्डिंग केलेला पाना स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

जे मिळत नाही ते बनवावं लागतं. झेटरसारख्या इंजिनात लायनरच्या बाहेरून पाणी खेळतं. वर्षानुवर्षांच्या गंजाने आणि क्षाराने लायनर ब्लॉकला धरून बसतो. खालून ठोकून काढायला गेलं तर ब्लॉकलाच चीर जाण्याची भीती. त्यासाठी पुलर हवा. लेथवर दोन पायऱ्यांची एक जाड चकती करतात. वरची पायरी लायनरच्या आत जेमतेम बसेल अशी. खालची लायनरच्या काठाला धरेल, पण त्याच्या बाहेरच्या व्यासापेक्षा लहान. चकतीच्या दोन बाजू सपाट कापतात, म्हणजे ती तिरकी करून वरून आत सोडता येते. मधून आट्यांचा मजबूत दांडा, वर ब्लॉकवर टेकलेला लोखंडी पूल, त्यावर वायसर आणि नट. पुलाचे पाय शेजारच्या लायनरवर येऊ नयेत. मग ग्रीस लावून नट सावकाश आवळत जायचं. लायनर न ठोकता, न फुटता वर येतो.

बाकीची कितीतरी हत्यारं त्याच इंजिनाच्या भंगारात असतात. पिस्टनच्या खाचेतला कार्बन काढायला जुन्याच रिंगचा मोडका, घासून धार केलेला तुकडा सर्वांत चांगला. तो त्या खाचेतच वाढलेला असतो. नवा पिस्टन रिंगांसह आत सोडायचा तर बाद लायनरचा चार बोटं तुकडा कापून आतून निमुळता करून घेतात. लायनर वरच्या टोकाला जास्त झिजतो, म्हणून तुकडा खालचा घ्यावा. क्लच मध्यावर बसवायला गिअरबॉक्सच्या मोडक्या शाफ्टचं टोक चालतं. म्हणून इंजिन खोललं की त्याच दिवशी भंगारवाल्याला हाक मारू नये.

मात्र सगळंच घरी बनवू नये. हेडचे बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळायचा टॉर्क रिंच आणि मापं घेण्याची साधनं चांगलीच विकत घ्यावीत. इंजेक्टर तपासायचं यंत्र तर जुगाडाने कधीच करू नये. त्या फवाऱ्याचा दाब हवेच्या दाबाच्या शंभराहून अधिक पट असतो. तो कातडी भेदून डिझेल आत घुसवतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण तिच्यापायी बोट जाऊ शकतं. असं झालं तर लगेच दवाखाना गाठावा.

शेवटचं एक. जुन्या मिस्त्रींच्या पेटीत असे अनेक तुकडे पडलेले असतात. त्यांचा उपयोग फक्त मिस्त्रीच्या हाताला माहीत असतो. मिस्त्री गेला की मुलांना ते नुसतं लोखंड दिसतं आणि ते किलोवर विकलं जातं. त्यासोबत चाळीस वर्षांचं शहाणपणही विकलं जातं. उपाय सोपा आहे. अक्षरांचे पंच बाजारात मिळतात. हत्यार तयार झालं की त्यावर इंजिनाचं नाव, माप आणि काम ठोकून ठेवावं. कवितेच्या वह्या आम्ही जपतो. लोखंडावरच्या या दोन ओळी त्याहून जास्त दिवस टिकतील आणि एखाद्या शेतकऱ्याची पेरणी वाचवतील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)