रस्त्यावर अचानक काही आडवं आलं तर

दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. पिंपळनेरजवळच्या एका पाड्यावरून मी साक्रीकडे परतत होतो. मागे आमच्या आरोग्यसेविका ताई बसल्या होत्या. वळण संपताच अर्ध्या रस्त्यावर मका वाळत घातलेला दिसला. त्यावरून गाड्या जाऊ नयेत म्हणून कडेने मोठाले दगड मांडलेले. समोरून जीप आली. मी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला, दाण्यांवर चाक सरकलं आणि आम्ही आडवे झालो. हेल्मेट असल्याने डोकी वाचली, पण ताईंचं मनगट मोडलं. पुढचे दीड महिने त्यांच्या पाड्यांवरच्या भेटी बंद राहिल्या.

शेतकऱ्याला दोष देऊन मी मोकळा झालो असतो. पण त्या दिवसांत मका रस्त्यावर असतो हे मला ठाऊक होतं. आपल्या खानदेशात ‘अचानक’ येणाऱ्या बहुतेक गोष्टींना ऋतू आणि वेळ असते. पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती डांबरावर साबणासारखी होते. कापूस वेचणीच्या दिवसांत अंधार पडताना दिवा नसलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या असतात. रावेर-यावलकडे घड भरताना पडलेली केळीची ओली पानं. दिवेलागणीला घरी परतणाऱ्या शेळ्या.

आता थोडा हिशोब. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच 17 मीटर संपले. 40 च्या वेगात हेच अंतर 11 मीटर. शिवाय ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर 60 ला 40 च्या सव्वादोन पट लागतं. पाड्याच्या रस्त्यावर 40 पुरे, असं मी आता सांगतो. तरुण मंडळी हसतात. हसू देत.

कोरड्या डांबरावर गाडी थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं. अनेकजण त्याला भिऊन फक्त पायाचा ब्रेक दाबतात; मागचं चाक अडकतं आणि गाडी फिरते. दोन्ही ब्रेक लावावेत. पुढचा झटक्याने न दाबता, ओला कपडा पिळावा तसा वाढवत न्यावा, आणि हँडल सरळ ठेवावं. दाणे, वाळू, चिखल असेल तर मात्र वेग त्याच्या अलीकडेच कमी करायचा. वर आल्यावर पुढचा ब्रेक सोडून, ॲक्सिलरेटर हळूच कमी करून सरळ जाऊ द्यायचं. मी नेमकं उलट केलं होतं.

खड्डा चुकवता येत नसेल तर आधी वेग कमी करावा, खड्ड्यात शिरताना ब्रेक सोडावा आणि फुटरेस्टवर किंचित उभं राहावं. कुत्रं आडवं आलं तर एकदम वळवू नये. सरळ रेषेत ब्रेक लावावा. एक शेळी ओलांडली की मागच्या येणारच, थांबावं. आणि नजर खड्ड्यावर किंवा दगडावर खिळू देऊ नका. जिकडे नजर, तिकडे गाडी. मोकळ्या जागेकडे पाहा.

पाड्यावर एका गाडीवर तिघे-चौघे बसतात. आजारी बाईला मध्ये धरून दवाखान्यात नेलेलं मी पाहिलंय, आणि वाहनच नसेल तर त्यांना काय म्हणणार? पण तेवढ्या वजनाने गाडी लांब जाऊन थांबते आणि तोल लवकर जातो. 108 ची रुग्णवाहिका मिळत असेल तर आधी तिलाच फोन करावा.

कोणी पडलेलं दिसलं तरी हाच नंबर. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका. पोलिसांच्या भीतीने लोक आजही बाजूने निघून जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ नुसार सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. कायद्यात अशा माणसाला ‘गुड समॅरिटन’ म्हटलंय, म्हणजे आपल्या लूकच्या शुभवर्तमानातला शोमरोनी. त्या संध्याकाळी आम्हाला उचलणारा तो जीपवालाच होता.