बोचक्यात काय बांधायचं?

लाखनीच्या पुढे, महामार्गाला लागून माझ्या भाच्याचं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, स्कॉलरशिपचा फॉर्म, पीएम किसानची केवायसी, सगळं एकाच टेबलावर. जुलैमधल्या त्या दिवशी रोवणी भरात होती. घराघरातली माणसं बांधीच्या चिखलात उतरलेली, त्यामुळे दुकानात शुकशुकाट. संगणक बदलायला याहून बरा मुहूर्त मिळाला नसता.

जुना डबा विंडोज ७ चा. मायक्रोसॉफ्टने त्याची देखभाल १४ जानेवारी २०२० ला थांबवली. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. फायरफॉक्सची ११५ ही दीर्घमुदतीची आवृत्ती तेवढी तग धरून होती, म्हणून भाच्याचं सगळं काम तिच्यावर. पण एकेक संकेतस्थळ आता तिच्यावरही कुरकुर करू लागलं होतं.

"मामाजी, फायली त मी काल रातीच पेनड्राइव्हवर घेतल्या. आता काय रायलं?"

राहिलं होतं ते सहजी नजरेस न पडणारं. फायरफॉक्स आपली आठवण एका फोल्डरात ठेवतो, आणि तो फोल्डर विंडोजने लपवलेल्या 'ॲपडेटा'च्या पोटात असतो. पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:प्रोफाइल्स' टाइप केलं की त्याची जागा कळते. नाव अगदी निरर्थक: आठ अक्षरं-आकड्यांची खिचडी, मग एक टिंब आणि 'डिफॉल्ट-रिलीज'. भाचा बघतच राहिला. इतक्या वर्षांचं दुकान या एवढ्याशा पुडक्यात!

नक्कल करण्याआधी ब्राउझर पूर्ण बंद करायचा. खिडकी मिटली म्हणजे तो बंद झाला असं नाही. टास्क मॅनेजरमध्ये डोकावून खात्री करायची. चालू असताना काही नोंदी मुख्य फायलीत उतरलेल्याच नसतात, शेजारच्या तात्पुरत्या फायलीत थांबलेल्या असतात. अशा वेळी उचललेली नक्कल अर्धवट निघू शकते. मागे एकदा माझ्या घरच्या संगणकावर मी ही घाई केली होती आणि बुकमार्क गमावून बसलो होतो.

दुसरा नियम: कॉपी करायचं, कट नाही; मध्येच काही बिघडलं तर मूळ तरी हाती राहतं. आणि झालंही तसंच. पट्टी निम्म्यावर आली आणि लाईन गेली. यूपीएस दोन मिनिटं कोकलला आणि गप्प झाला. लाईन परत आल्यावर पाहिलं तर पेनड्राइव्हवरचं पुडकं अर्धंमुर्धं, पण मूळ फोल्डर जागच्या जागी शाबूत. पुन्हा पहिल्यापासून.

मग फोल्डर उघडून एकेक फाईल भाच्याला दाखवली. 'प्लेसेस.एसक्यूलाइट'मध्ये बुकमार्क आणि पाहिलेल्या पानांचा इतिहास, दोन्ही एकत्र. 'लॉगिन्स.जेसन'मध्ये पासवर्ड, पण कुलूपबंद. त्याची किल्ली 'की४.डीबी'त. ही जोडी एकत्रच न्यायची, एकटी फाईल कुचकामी. मुख्य पासवर्ड लावलेला नसेल तर ही जोडी ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं वाचता येतं. म्हणजे असला पेनड्राइव्ह टेबलावर टाकून चहाला जायची सोय नाही. क्रोमची तऱ्हा वेगळी: तिथे किल्ली विंडोजच्या त्या खात्याशी बांधलेली, त्यामुळे नुसता फोल्डर नेला तर बुकमार्क येतात, पासवर्ड मात्र नव्या संगणकाला वाचता येत नाहीत.

"मंग सगळंच टाका नं तिकडे," भाचा म्हणाला.

मी जुन्या संगणकावर फायरफॉक्स परत उघडला, एक रिकामा फॉर्म काढला आणि नावाच्या चौकटीत फक्त 'र' टाइप केलं. खाली यादी उलगडली. कुणाकुणाची पूर्ण नावं. मोबाईलच्या चौकटीत नव्वा टाकला, दहा आकडी नंबर रांगेने उभे राहिले. आधारच्या चौकटीतही तेच. संकेतस्थळाने मनाई केली नसेल तर ब्राउझर चौकटीत लिहिलेलं लक्षात ठेवतो, 'फॉर्महिस्टरी' नावाच्या फायलीत. भाच्याला ही यादी रोजचीच होती, हाताखालची सोय. ही नावं आपल्या गावच्या माणसांची आहेत आणि पेनड्राइव्हवर चढून चालली आहेत, हे तेव्हा ध्यानात आलं.

त्यानंतर आमचं काम नकलेपेक्षा निवडीचं झालं. फॉर्महिस्टरी इथेच सोडली. नव्या जागी फायरफॉक्स आपली कोरी फाईल तयार करून घेतो. कुकीजही सोडल्या, कारण ओटीपी पाहायला कुणी पोराने इथे ईमेल उघडलं आणि बाहेर न पडता तो निघून गेला असेल, तर ते उघडं दारही सोबत गेलं असतं. इतिहास बुकमार्कांपासून फायलीत वेगळा काढता येत नाही; तो नव्या संगणकावर गेल्यावर सेटिंगमधून पुसायचा ठरला.

वाद झाला तो पासवर्डांवरून. यादीत दुकानाचे थोडे, गिऱ्हाइकांचे ढीगभर.

"पोट्टे पासवर्ड भुलतात मामाजी. मंग माह्याचकडे येतात. मी नाही ठेवला त त्यांची स्कॉलरशिप अडकते."

त्याचं चुकत नव्हतं. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याची वही हे दुकानच. पण दुकानातला संगणक कुणीही वापरतो, हेही त्यालाच ठाऊक. बराच वेळ तो माऊस नुसता फिरवत राहिला. मग एकेक नाव निवडून काढून टाकू लागला. एक-दोन ठिकाणी थांबला, त्या पोरांना फोन लावले आणि 'लिहून घे' म्हणून सांगितलं.

नव्या संगणकावर फायरफॉक्सची आवृत्ती जुनीच्या बरोबरीची किंवा पुढची हवी. २०१९ मध्ये आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून पुढच्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल मागच्या आवृत्तीत उघडायला तो अडवतो. आमची नवीच होती. नवं प्रोफाइल तयार केलं, निवडलेल्या फायली आत ठेवल्या आणि ब्राउझर सुरू केला. वरच्या पट्टीवर भाच्याचे बुकमार्क हजर: 'दाखले', 'सातबारा', 'धान बोनस', 'स्कॉलरशिप'. अंगठ्याचं मशीन मात्र चालेना. त्याचा प्रोग्राम विंडोजमध्ये वेगळा बसवावा लागतो, तो या बोचक्यातून येत नाही. शेवटी पेनड्राइव्ह फॉरमॅट केला.

संध्याकाळी चिखलाच्या पायांनी एक आजोबा आले. दरसालचं गिऱ्हाईक. भाच्याने सवयीने एक अक्षर टाइप केलं आणि थांबला. खाली काहीच आलं नाही.

"नाव सांगा बाबाजी," तो म्हणाला. "पुरं सांगा."

आजोबांनी बापाच्या नावासकट सावकाश सांगितलं. भाच्याने एकेक अक्षर टाइप केलं.