बहात्तराव्या हिश्शातले टायगर मॉथ

डी हॅविलंड टायगर मॉथचा पंखविस्तार ८.९४ मीटर आणि लांबी ७.२९ मीटर. १:७२ प्रमाणातल्या प्लास्टिकच्या किटमध्ये हे दुपंखी विमान १२४ मिलिमीटर रुंद आणि १०१ मिलिमीटर लांब भरते, म्हणजे सहज तळहातावर मावते. इतक्या लहान प्रतिकृतीत अर्ध्या मिलिमीटरची चूक मूळ विमानावरच्या ३६ मिलिमीटरएवढी होते. त्यामुळे अचूकतेचे काम बारीक तपशील चिकटवण्यापासून नव्हे, मापे तपासण्यापासून सुरू करावे.

पहिली तपासणी पंखांच्या मांडणीची. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी प्रथम उडालेल्या या प्रशिक्षण विमानात शिक्षक पुढच्या आसनावर बसे. पॅराशूट घेऊन त्याला झटकन बाहेर पडता यावे म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवण्यात आला. तेवढ्याने विमानाचा तोल बिघडला असता, म्हणून पंख मागे झुकवले गेले. हा मागचा झुकाव हीच टायगर मॉथची ओळख. तो चुकला तर बाकी सारे बरोबर असूनही विमान परके दिसते. मोजमापाच्या आराखड्याची प्रत १:७२ प्रमाणात छापून पंख त्यावर ठेवावेत. वरून झुकाव पाहावा; समोरून पंखांची टोके किती उचललेली आहेत आणि बाजूने वरचा पंख खालच्याच्या किती पुढे आहे, हेही पाहावे. जुळवणीच्या वेळी पंख हलू नयेत म्हणून जाड पुठ्ठ्याचा साचा करून घेतल्यास निम्मी डोकेदुखी टळते.

दुसरा दोष जाडीचा. साच्यातून निघालेल्या पंखाची मागची कड बहुधा जाड असते. ती आतल्या बाजूने कानशीने आणि पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने घासून पातळ करावी. कापडाखालच्या फासळ्याही किटमध्ये भडक उठलेल्या असतात. खऱ्या पंखावर डोप लावलेले कापड ताणून बसते, दोन फासळ्यांमधला खोलगटपणा जेमतेम जाणवतो. फासळ्या हलक्या हाताने उतरवाव्यात, पुसून मात्र टाकू नयेत. वाराकाचेसाठी किटमधला जाड पारदर्शक तुकडा टाकून ०.१ मिलिमीटर जाडीची फिल्म वापरावी.

मग प्रश्न येतो नेमक्या विमानाचा. इथे एखाद्या खऱ्या विमानाचे छायाचित्र हाताशी हवेच. शेपटीच्या आडव्या पंखांपुढे, धडावर बसवलेल्या अरुंद पट्ट्या युद्धकाळात आल्या. गिरकीतून विमान सावरावे हा त्यांचा हेतू. तिशीच्या दशकातला रंग देऊन या पट्ट्या ठेवणे ही ठरलेली चूक. कॅनडात बनलेल्या डीएच-८२सी प्रकाराला बंद काचेचे छत आणि शेपटीखाली चाक असते, ब्रिटिश विमानांना साधी घसरपट्टी. एलरॉन फक्त खालच्या पंखांना असतात, वरच्यांना नाहीत. इंधनाची टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी असून तिच्यावर इंधनमापक उभा दिसतो. भारतीय हवाई दलानेही टायगर मॉथ वापरली. त्या रंगात विमान करायचे तर विशिष्ट क्रमांकाचे छायाचित्र मिळवूनच खुणा ठरवाव्यात.

रंग वरचा पंख बसवण्याआधी द्यावा. नंतर मधल्या जागेत ब्रश पोचत नाही. प्रतिकृती जितकी लहान, तितका रंग किंचित फिका ठेवणे डोळ्याला खरे वाटते, मात्र हा अभिरुचीचा भाग.

शेवटी तारा. खऱ्या विमानातल्या ताणतारा गोल नसून चपट्या, हवेला वाट देणाऱ्या आकाराच्या असतात. १:७२ मध्ये ०.१ मिलिमीटरची तार मूळच्या ७ मिलिमीटरएवढी होते, म्हणून शिवणदोरा इथे दोरखंडच दिसतो. प्लास्टिकची काडी मेणबत्तीच्या आचेवर मऊ करून ताणलेला तंतू किंवा लवचीक बारीक धागा चालतो. खालच्या पंखाच्या मुळाजवळून वरच्या पंखाच्या खांबांकडे जाणाऱ्या उड्डाणतारा, आणि वरून तिरप्या खाली येणाऱ्या उतरणतारा, अशा दोन्ही आधी बसवून मग शेपटीजवळ धडाबाहेर येणाऱ्या नियंत्रणाच्या केबली लावाव्यात. सगळ्या तारा ताठ हव्यात, आणि काळ्या नव्हे तर पोलादी राखाडी.